दुधाने पोट बिघडतं म्हणून दूध पूर्ण बंद करावं का? (घर शाकाहारी आहे)

सायसाखर, 9 जून

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढते. वय 41, राहणार नाशिक, घर पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. गेली सहासात वर्षं सकाळी कपभर दूध किंवा नुसत्या दुधाचा चहा झाला की तासा-दोन तासांत पोट फुगतं, गुडगुडतं, गॅस होतो आणि कधीकधी ऑफिसला निघाल्यावर जिन्यातून परत यावं लागतं. मी ॲसिडिटी समजून गोळ्या घेत राहिले आणि वर उपाय म्हणून थंड दूध प्यायचे. गेल्या महिन्यात नवीन डॉक्टरांनी सांगितलं की 15 दिवस दूध, दही, पनीर, खवा सगळं बंद करून बघा आणि रोज लिहून ठेवा. केलं. दहाव्या दिवशी पोट इतकं शांत होतं की मला खरंच रडू आलं, इतकी वर्षं ते शांत असू शकतं हेच विसरले होते.

पण आता घरात काळजी सुरू झालीये. आई दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कळलं हाडं ठिसूळ झालीयेत. सासूबाई रोज म्हणतात दूध सोडलंस तर तुझंही तेच होईल. शिवाय मुलगी 9 वर्षांची आहे, तिला दूध अजिबात आवडत नाही, चॉकलेट पावडर घालून रोज सकाळी अर्धा तास आमचं भांडण. तर दूध कायमचं बंद करावं का, केलं तर कॅल्शियम आणि बी12 कुठून आणायचं, आणि मुलीला जबरदस्ती करावी का? अनुभव असेल तर प्लीज लिहा.

नर्मदाकाकू, 9 जून

अगं पूर्ण बंद नको करूस. माझं वय 68, मलाही पन्नाशीनंतर नुसतं दूध पचेनासं झालं पण ताक आजतागायत सुरू आहे, दुपारच्या जेवणानंतर वाटीभर, जिरं आणि सैंधव घालून. आमच्या माहेरी तर रात्रीच विरजण लावायचं आणि सकाळी रवीने घुसळायचं, लोणी निघालं की ते ताक सगळ्या आळीत जायचं. दही रात्रभर नीट लागू दे, अर्धवट लागलेलं गोडसर दही खाऊ नकोस, तेही बाधतं.

दूरदेशी, 10 जून

ताई, तुमचं वर्णन वाचून माझीच गोष्ट वाचतोय असं वाटलं. मी जर्मनीत असतो, इथे आल्यावर तपासणी झाली, सकाळी उपाशीपोटी लॅक्टोज घातलेलं पाणी प्यायला देतात आणि मग दोनतीन तास थोड्या थोड्या वेळाने नळीत फुंकायला लावतात, श्वासात हायड्रोजन वाढला की समजायचं लॅक्टोज पचत नाहीये. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं, तान्ह्या बाळात ते भरपूर असतं आणि अंगावरचं दूध सुटल्यावर बहुतेक माणसांत कमी कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. हा आजार नाहीये हो, जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांत असंच असतं. आपल्याकडे वायव्येकडच्या राज्यांत दूध पचवणारे जास्त आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे कमी, आपण मराठी लोक कुठेतरी मधे.

इथे दुकानात लॅक्टोज-फ्री दूध मिळतं, त्यात लॅक्टेज आधीच घातलेलं असतं त्यामुळे साखर फुटून थोडं जास्त गोड लागतं, बाकी कॅल्शियम प्रोटीन सगळं तेच. भारतातही आता मोठ्या शहरांत मिळतं. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात, लग्नात बासुंदी खायची असेल तर मी एक घेतो.

आहारवाटा, 10 जून

मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, बरेच पेशंट अगदी याच प्रश्नाने येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांब झालं तर समजून घ्या.

सायसाखर, पहिली गोष्ट म्हणजे ॲलर्जी वेगळी आणि लॅक्टोज न पचणं वेगळं. ॲलर्जी ही दुधातल्या प्रोटीनची असते, अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं, उलट्या, आणि ती बहुतेक लहान मुलांत दिसते, तिथे एक चमचाही चालत नाही. तुमची लक्षणं तशी नाहीत. लॅक्टोजचा सगळा खेळ मात्रेचा आहे. 100 मिली दुधात साधारण 5 ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि ज्यांना पचत नाही त्यांच्यातलेही बरेच जण एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दूध, जेवणाबरोबर घेतलं तर सहन करतात. तेच उपाशीपोटी घेतलं तर त्रास होतो. दह्यात जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं आणि उरलेलं फोडायलाही तेच जिवाणू पोटात मदत करतात. चक्का बांधला की पाण्याबरोबर आणखी निघून जातं, जुन्या कडक चीजमध्ये जवळजवळ नसतंच आणि तुपात तर नाहीच. उलट खवा, पेढा, मिल्क पावडर यात दूध आटवलेलं असल्याने लॅक्टोज गच्च भरलेलं. त्यामुळे "दुधाचे सगळे पदार्थ बंद" हे फक्त त्या 15 दिवसांच्या परीक्षेपुरतं ठीक, आता एकेक पदार्थ परत आणून बघायचा. आणि जुलाबाच्या साथीनंतर काही आठवडे दूध न पचणं हे तात्पुरतं असतं, ते धरून कुणी आयुष्यभर दूध सोडू नये. वजन उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असं काही असेल तर मात्र दुधावर ढकलून बसू नका, डॉक्टरकडे जा.

दुसरी गोष्ट बी12, आणि मला कॅल्शियमपेक्षा याची जास्त काळजी वाटते. डाळी, भाज्या, धान्यं यात ते नसतं, अंडंही न खाणाऱ्या घरात दूधदही हाच एक रोजचा स्रोत. आपल्या पुण्यातच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून 441 पुरुष तपासले, निरोगी दिसणारे, आणि त्यातल्या 67 टक्के लोकांत बी12 कमी निघालं. त्याच गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला होता, त्यात ज्या दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त खायच्या त्यांची बाळं जन्मताना अंगाने मोठी होती. मी दूध सोडू नका म्हणते ते मुख्यतः यासाठी. प्रौढ माणसाला रोज 2.2 मायक्रोग्रॅम लागतं, अर्धा लिटर दुधात जेमतेम तेवढं होतं, आणि चहात घातलेलं चार चमचे दूध त्यात कुठेच बसत नाही. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी कमी होतं. हातापायाला मुंग्या, थकवा, तोंड येणं असं असेल तर रक्त तपासा, अंदाजाने बसू नका.

कॅल्शियमला मात्र पर्याय आहेत. मोठ्या माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम हवं. कपभर दुधात 240 च्या आसपास. 100 ग्रॅम नाचणीत 360, म्हणजे एका मध्यम भाकरीत दीडशे ते एकशेऐंशी. सालासकट तिळाचा एक मोठा चमचा शंभराच्या आसपास, पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही. शेवग्याचा पाला उत्तम. पालक आणि अळू यात आकडा मोठा दिसतो पण ऑक्झॅलेट ते अडवून धरतं, त्यावर हाडं उभी राहणार नाहीत. आणि ड जीवनसत्त्व नसेल तर दूध काय आणि नाचणी काय, दोन्ही वाया, साध्या दुधात ड नावालाच असतं. पिशवीवर अधिकची खूण आणि इंग्रजी एफ असेल तर त्यात अ आणि ड वरून घातलेलं असतं, ती घ्या.

तूप खाते म्हणून कॅल्शियम मिळतं असं बऱ्याच बायका सांगतात, तर तुपात आणि लोण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, ती नुसती स्निग्धता. सायही मुख्यतः तीच. म्हणून साय काढून टाकली तरी दुधातलं कॅल्शियम दुधातच राहतं.

सायसाखर, 11 जून

आहारवाटा ताई, इतकं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं, खूप खूप आभार. मुंग्या येतात हो, डाव्या पायाला, मी बसून काम करते म्हणून असेल समजत होते. उद्याच तपासायला देते.

हिरवीवाट, 11 जून

मी सहा वर्षांपूर्वी दूध पूर्ण सोडलं, ते आधी गायीम्हशींसाठी, नर वासरांचं आणि रेडकांचं काय होतं ते जवळून पाहिल्यावर माझ्या घशाखाली घोट उतरेना. तब्येतही सुधारली, चेहऱ्यावरचे पुरळ गेले, कोलेस्टेरॉल उतरलं. स्वीडनचा 2014 चा एक मोठा अभ्यास आहे त्यात दिवसाला तीन किंवा जास्त ग्लास दूध पिणाऱ्या बायकांत फ्रॅक्चर आणि मृत्यू दोन्ही जास्त दिसले. मग हाडांसाठी दूध हवंच हा हट्ट कशाला? माणूस सोडून कुठला प्राणी मोठेपणी दुसऱ्याचं दूध पितो?

आहारवाटा, 11 जून

हिरवीवाट, तुमच्या पहिल्या कारणाचा मला मनापासून आदर आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण तब्येतीच्या मुद्द्यावर लिहायला हवं कारण इथे वाचून कुणीतरी उद्या दूध बंद करेल. स्वीडनचा अभ्यास तुम्ही सांगताय तसाच आहे, पण त्यातच दही आणि चीज खाणाऱ्यांत उलट चित्र होतं. आणि 2018 मध्ये 21 देशांतल्या 1 लाख 36 हजार लोकांचा प्युअर नावाचा अभ्यास आला, भारतही त्यात होता, त्यात दिवसाला दोनपेक्षा जास्त वेळा दुधाचे पदार्थ घेणाऱ्यांत हृदयरोग आणि मृत्यू कमी दिसले. दोन्ही नुसतं बघून नोंदवलेले अभ्यास आहेत, दुधामुळेच झालं असं कुठलाच छातीठोक सांगू शकत नाही. आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुधाने कमी होतो असं बऱ्यापैकी दिसतं, प्रोस्टेटच्या बाबतीत जास्त दुधाने थोडा वाढतो अशी शंका आहे. पुरळाचं म्हणाल तर काही जणांत संबंध दिसतो, दोनेक महिने सोडून बघायला हरकत नाही. तुम्ही बी12 ची गोळी घेत असालच, घेत नसाल तर कृपा करून आजपासून सुरू करा.

आणि कोलेस्टेरॉल उतरलं ते पटतं. म्हशीच्या अर्धा लिटर दुधात साधारण 33 ग्रॅम फॅट, त्यातलं वीसेक ग्रॅम सॅच्युरेटेड, म्हणजे दिवसाची सगळी मर्यादा तिथेच संपली आणि अजून भातावरचं तूप, पनीर, चीज बाकीच आहे. ज्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलंय, घरात हार्टचा इतिहास आहे, त्यांनी गायीचं किंवा टोन्ड दूध घ्यावं, साय काढून. किडनीचा आजार असलेल्यांना तर फॉस्फरस आणि पोटॅशियममुळे दूध मोजूनच मिळतं, त्यांनी इथलं काहीही वाचून वाढवू नये.

हिरवीवाट, 12 जून

गोळी घेते, दर सहा महिन्यांनी तपासतेही. दह्याचा भाग मला माहीत नव्हता, बघते.

गोठ्यातला, 12 जून

मी संगमनेरकडचा, घरी 14 गाया आहेत, रोज डेअरीला दूध घालतो. इथे सगळे दूध चांगलं का वाईट ते बोलताय, पण दुधात काय येतं ते गोठ्यात ठरतं हे पण लिहायला पाहिजे. लोकांना भीती युरियाची आणि डिटर्जंटची. पण फसाईने, म्हणजे अन्नाची सुरक्षितता बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, 2018 साली देशभर 6432 नमुने तपासले त्यात भेसळीचे 12 निघाले, आणि अफ्लाटॉक्सिनचे 368, अँटिबायोटिकचे 77. अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष, सरकी पेंड किंवा मका पावसात भिजला, पोतं तसंच कोपऱ्यात पडलं, बुरशी धरली आणि तेच जनावराच्या पुढ्यात टाकलं की ते दुधात उतरतं. आणि कितीही उकळा, जात नाही. मी आता पेंड लाकडी फळ्यांवर ठेवतो, भिंतीपासून लांब, आणि मुरघासाचा, म्हणजे मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, वरचा काळा पडलेला थर उकिरड्यावर टाकतो, तेव्हा जीव तुटतो कारण पैशाचा माल असतो पण टाकतो.

दुसरं दगडी. कास सुजली की सडातून औषध सोडावं लागतं, मग बाटलीवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. पण आमच्याकडे भाव लागतो फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), 3.5 आणि 8.5 बसलं की झालं, औषधाचं दूध वेगळं काढणाऱ्याला कुणी चार आणे जास्त देत नाही. तीनचार दिवसांचं दूध ओतून द्यायचं म्हणजे गरीब माणसाचा आठवड्याचा बाजार गेला. जोपर्यंत चांगल्या दुधाला वेगळा भाव नाही तोपर्यंत हे असंच चालणार, शेतकऱ्याला शिव्या देऊन थांबणार नाही.

कृष्णाकाठ, 13 जून

दादा अगदी काळजाचं बोललास. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ गरम दूध ग्लासात देतात, तालमीतली पोरं आणि आमच्यासारखे सगळेच लहानपणापासून पितोय, त्या चवीला तोड नाही. पण चार वर्षांमागं माझ्या चुलतभावाला महिनाभर ताप यायचा, संध्याकाळी चढायचा, घामाघूम व्हायचा, सांधे इतके दुखायचे की उठवत नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्यावर निघालं ब्रुसेलोसिस, जनावरांकडनं माणसाला लागणारा आजार. त्याच्या गोठ्यात एक म्हैस गाभडली होती आणि तो निरसं दूध प्यायचा. सहा आठवडे औषधं घेतली तेव्हा माणसात आला. तवापासनं आमच्या घरात धारोष्ण बंद, उकळी आल्याशिवाय कुणाच्या ओठाला लागत नाही. कट्टा सोडवत नाही मला, खोटं कशाला सांगू, पण पोराला तिथं पाजत नाही.

गोठ्यातला, 13 जून

कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या असताना ब्रुसेलाची लस मिळते, 2019 पासून सरकारी कार्यक्रमात फुकट आहे. दवाखान्यात विचारून टोचून घ्या. आणि गाभडलेल्या जनावराचा जार हाताने उचलू नका, हातमोजे घाला, त्यातूनही लागतं.

मांडवीकाठ, 14 जून

आमच्याकडे गोव्यात जुन्या स्वयंपाकात दुधाला फारशी जागाच नव्हती, सगळं नारळाच्या रसावर. कुणीतरी दुधाऐवजी नारळाचं दूध सुचवेल म्हणून आधीच सांगते, त्यात कॅल्शियम अगदीच थोडं असतं आणि स्निग्ध पदार्थ भरपूर. आमची हाडं तारली ती पेडवे, तारले, मोतयाळी असल्या काट्यासकट खायच्या बारक्या मासळीने. सायसाखर ताईंना उपयोग नाही, पण मासळी खाणाऱ्या घरातल्यांनी दुधासाठी जीव काढायची गरज नाही.

देवराई, 16 जून

ए2 दुधाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? आमच्या सोसायटीत देशी गायीचं दूध लिटरला दुप्पट-तिप्पट भावाने येतं, म्हणतात त्याने पोट बिघडत नाही.

आहारवाटा, 16 जून

दुधातल्या बीटा-केसिन या प्रोटीनचे ए1 आणि ए2 असे दोन प्रकार, साखळीतल्या 67 व्या जागेवर एका अमिनो आम्लाचा फरक. देशी गाय आणि म्हैस दोन्हींत बहुतेक ए2 च असतं, म्हणजे साधं म्हशीचं दूध पिणारे आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या ए2 च पितोय, त्यासाठी जास्त पैसे न देता. काही छोट्या प्रयोगांत ए2 ने पोटाचा त्रास थोडा कमी दिसला, पण डायबेटिस, हृदयरोग याबद्दलचे दावे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2009 मध्ये तपासले तेव्हा पुरावा पुरला नाही. आपल्याकडे ऑगस्ट 2024 मध्ये फसाईने पाकिटावरचे ए1, ए2 हे शब्द काढायला सांगितलं आणि पाचसहा दिवसांत तो आदेश मागेही घेतला. लॅक्टोज मात्र दोन्हींत सारखंच. त्यामुळे सायसाखर यांचा त्रास लॅक्टोजचा असेल तर महाग दूध घेऊनही पोट फुगणारच.

ओवीची आई, 17 जून

लहान मुलांचं लिहा ना कुणीतरी. माझी 10 महिन्यांची आहे, सगळे म्हणतात वरचं दूध सुरू कर.

आहारवाटा, 17 जून

वर्षाची होईपर्यंत गायीचं किंवा म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून देऊ नका. त्यात लोह फारच कमी, शिवाय इतक्या लहान आतड्यातून नकळत थोडं थोडं रक्त जाऊ शकतं, मूल पांढरं पडतं. अंगावरचं सुरू ठेवा, बरोबर नाचणीसत्त्व, वरणभात, कुस्करलेली भाजी. दह्याचा चमचा किंवा खिरीतलं थोडं दूध चालतं. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको, दुधाने पोट भरलं की मूल जेवत नाही आणि मग ॲनिमिया. "जेवत नाही म्हणून दूध देते" असं सांगणाऱ्या कितीतरी आया येतात, तिथे दूध कमी केलं की आठवड्यात मूल पोळी मागतं.

सायसाखर, तुमच्या मुलीबद्दल राहून गेलं. नऊ वर्षांच्या मुलीला दूध नकोसं वाटत असेल तर तिला आतून तुमच्यासारखाच त्रास होत असेल, मुलं नीट सांगू शकत नाहीत. पावडर बंद करा, त्यात मुख्यतः साखर. दही, ताक, घरचं पनीर यातलं काय आवडतं ते तिलाच विचारा.

नर्मदाकाकू, 18 जून

माझ्या थायरॉइडच्या गोळीबद्दल पण सांगा, मी ती सकाळच्या चहाबरोबरच घेते.

आहारवाटा, 18 जून

काकू, तसं करू नका. ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा किमान अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर मधे चार तास जाऊ द्या. दुधामुळे गोळी नीट शोषली जात नाही. काही अँटिबायोटिक्सचंही तसंच आहे, औषध आणताना केमिस्टला विचारा.

सायसाखर, 24 जुलै

उशिरा लिहितेय पण सगळं करून बघूनच लिहायचं ठरवलं होतं. बी12 आलं 138, तिथे किमान 200 हवं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, आता गोळी चालू आहे, मुंग्या बऱ्याच कमी झाल्यात. म्हणजे मी सहा वर्षं दूध पीत होते तरी ही अवस्था, दूध पिते म्हणजे सगळं मिळतं हा माझा समज होता.

दुधाची परीक्षा घेतली, चार-चार दिवस एकेक गोष्ट. चहातलं 50 मिली दूध, काही नाही. जेवणाबरोबर वाटीभर दही, काही नाही. जेवणानंतर अर्धा कप दूध, किंचित जडपणा. सकाळी उपाशीपोटी पूर्ण कप, अकरा वाजता परत तेच. तिखट पनीर भाजी चालते, पेढे दोन खाल्ले की नाही. वहीत सगळं लिहिलंय. रात्रीची नाचणीची भाकरी घरात सगळ्यांसाठी सुरू केली, सासूबाईंनी स्वतः होऊन शेवग्याच्या पाल्याची भाजी आणली. आईची हाडांची औषधं सुरू आहेत आणि तिची ड जीवनसत्त्वाची पातळी बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं, ती खूप कमी निघाली.

लेकीला विचारलं तर म्हणाली दूध प्यायलं की शाळेत दुसऱ्या तासाला पोटात दुखतं. वर्षभर मी तिला ते जबरदस्तीने पाजत होते. आता ती डब्यात दहीभात नेते आणि सकाळी आमच्या घरात शांतता असते. परवा शेजारच्या मळ्यातली गाय व्यायली, त्यांनी चीक पाठवला, खरवस केला, वेलची घालून. दोघींनी एकेक वडी खाल्ली, जेवणाबरोबर, आणि काही झालं नाही.